डोंगर कापताना दिसतो, तेव्हा मुलीला काय सांगायचं?

डिचोली तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं तिने बजावलंय. सगळं पत्र देण्याइतकी जागा नाही, म्हणून मुद्द्याचं तेवढं तिच्याच शब्दांत देते.

"ताई, मी तुमच्या मुलीच्या वयाची, मला अगं-तुगंच करा. वय अडतीस, माहेर चोडणचं. यजमानांचे दोन ट्रक खनिज वाहतुकीला होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा एक विकला, २०१८ साली पुन्हा पडल्या तेव्हा दुसरा. आता ते एका कारखान्यात शिफ्टला जातात, मी बालवाडीत शिकवते. पोट भरतं, तक्रार ती नाही. तक्रार अशी, की पुढे काही चांगलं होईल असं मला वाटेनासंच झालंय. घरामागची टेकडी शिमग्यापासून जेसीबीने कापताहेत. रात्री आवरून पडले की मोबाईल हातात, मग एक वाजेपर्यंत युद्ध, पूर, म्हादई, जमिनींचे घोटाळे. बायकांच्या भजनी मंडळात जायचे ते सोडलं, मन लागलं की परत जाईन म्हणते. भाऊ पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडला गेला. तो विचारतो, तिथे काय धरून बसलात? सासरे ऐंशी पार केलेले, ते म्हणतात, आम्ही पोर्तुगिजांचा काळ बघितला, तुम्हाला कसलं दुःख? मैत्रीण रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर 'सकारात्मक राहा' लिहून पाठवते. परवा जेवताना सहावीतल्या मुलीने विचारलं, 'आई, मी मोठी होईन तेव्हा म्हादईत पाणी असेल?' मी 'असेल गो, जेव' म्हटलं आणि आत जाऊन रडले. खोटं बोलले असं वाटलं. आशा ठेवायची म्हणजे स्वतःला फसवायचंच का? नसेल, तर ती ठेवायची कशी?"

बाये,

आधी त्या सूर्योदयवाल्या मैत्रिणीचा निकाल लावू. तिचा हेतू चांगलाच असणार, तिला तोडू नकोस, तिचे मेसेज म्यूट करून ठेव म्हणजे झालं. मन हुकमावर चालत असतं तर तुला चार पानं लिहावीच लागली नसती. शिवाय त्या 'सकारात्मक राहा'मध्ये एक छुपा ठपका असतो, की तुला वाईट वाटतंय ना, मग तुझंच काहीतरी चुकतंय. घरामागची टेकडी रोज थोडी थोडी नाहीशी होताना बघून ज्याला काहीच वाटत नाही, त्याची मला जास्त काळजी वाटेल.

सासऱ्यांचं म्हणणं मात्र उडवून लावू नकोस. १९५५च्या सुमारास भारताने गोव्याची नाकेबंदी केली, तेव्हा ते शाळकरी पोर असतील. 'तुम्हाला कसलं दुःख' हा त्यांचा सूर टोचतो, मान्य. पण एखाद्या संध्याकाळी त्यांच्यापाशी बसून विचार, की तेव्हा घरात तांदूळ कुठून यायचा, कांदे-बटाटे मिळायचे का, मोठी माणसं रात्री कोणाच्या ओसरीवर जमायची, शिपाई आले तर पोरांनी काय सांगायचं ठरलं होतं. पुष्कळ म्हातारी माणसं आपल्या नि तुमच्या दुःखाची तुलना करत बसतात, कारण त्यांना दुसरं कोणी काही विचारतच नाही.

आकडेही त्यांच्याच बाजूचे आहेत बरं का. १९९० साली जगात पाच वर्षांच्या आतली १ कोटी २० लाखांहून जास्त मुलं दगावली होती. २०२२ साली तो आकडा ५० लाखांच्या खाली आला. आपल्या देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११चा, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण रात्री एक वाजता हे आकडे कामाला येत नाहीत, ते मलाही ठाऊक आहे. जगाची सरासरी सुधारली म्हणून तुझ्या परसातला डोंगर जागेवर येत नाही.

पोलिओ गेला हे वाचून आशा वाटत नाही. तो कसा गेला ते आठवलं तर मात्र थोडी वाटते. तू शाळेत होतीस तेव्हाचे ते रविवार आठव. बूथवरची बाई पोराच्या तोंडात थेंब सोडायची आणि करंगळीला शाई लावायची. मग पुढचे दिवस घरोघर, राहिलेली पोरं शोधत, खांद्याला लशीची पेटी. त्या बाईला या खेपेला देशातला पोलिओ जाणार अशी खात्री होती का? तिला बहुधा दुपारची बस चुकेल याची काळजी होती. उमेद वाटते की नाही, हे तिला कोणी विचारलंही नसेल. आज आपण ज्याला आशेची गोष्ट म्हणतो ती अशा हजारो बायकांच्या कंटाळवाण्या रविवारांतून घडली आहे.

हे मी आडवळणाने सांगत नाही, तुझ्या पत्रातल्या एका वाक्याकडेच येते आहे. 'मन लागलं की भजनाला परत जाईन.' इथे तुझं गणित उलटं मांडलं गेलंय, आणि हे माझं मत म्हणून सोडून देऊ नकोस. आपल्या गोव्यातच ते तपासून बघितलेलं आहे. १९९६ साली सुरू झालेली संगाथ नावाची संस्था मानसिक आरोग्यात काम करते. तिने राज्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. नैराश्याने चांगलेच ग्रासलेले रुग्ण निवडले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाला डॉक्टरकडून नेहमीचे उपचार. दुसऱ्याला ते उपचार आणि शिवाय एका समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. इथलीच साधी माणसं होती, त्यांना या कामापुरतं शिकवून तयार केलेलं. आणि भेटींत भूतकाळ उकरायचा नव्हता, सकारात्मक विचारही शिकवायचे नव्हते. तुम्ही पूर्वी काय करत होता नि आता काय करेनासे झालात, त्यातलं एखादं छोटं काम निवडू, कुठल्या वारी किती वाजता करणार ते ठरवू, आणि त्या वेळी मन असो वा नसो ते करू. पुढच्या भेटीत त्याचं काय झालं ते बोलू. बहुतेक सगळा भर एवढ्यावर. तीन महिन्यांनी बघितलं, तर समुपदेशक मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आलेले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. हे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

म्हणजे मन लागायची वाट बघत बसलीस तर बसूनच राहशील. येत्या बैठकीला जा. गळा लागला नाही तर नुसते टाळ धर. मागे बसून अभंग ऐकताना मनात टेकडीच येत राहिली तर येऊ दे. नियम एवढाच, की दर आठवड्याला त्या वेळी तू तिथे असायचंस.

भजनावरून आठवलं. वास्कोचा दामोदर सप्ताह तू बघितला असशील, निदान त्या गर्दीत बस अडकली म्हणून वैतागली तरी असशील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वास्कोत प्लेग आला, तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराकडून नारळ आणला आणि अखंड भजन सुरू केलं, असं त्याचं मूळ सांगतात. भजनाने प्लेग गेला की तो आपल्या पावलांनी गेला, या वादात मी पडत नाही. मला त्यात दिसते ती पाळी. चोवीस तास टाळ थांबू द्यायचा नाही म्हटल्यावर कोण कधी बसणार ते ठरवावं लागतं, पहाटे तीनच्या पाळीला कोणालातरी उठवावं लागतं. रोगाचा धसका घेऊन घरात दार लावून बसलेल्या गावाला ठरल्या वेळी एकमेकांच्या शेजारी बसायचं काम मिळालं. (आता साथीच्या दिवसांत गर्दी करावी का, असं विचारशील तर माझं उत्तर 'नको' असंच आहे. तेव्हाच्या लोकांना ते कुठे माहीत होतं!)

इथे एक गोष्ट स्पष्ट विचारते, कारण पत्रात तिचा वास येतो. झोप नीट लागत नाही, आवडती कामं सुटली, आत जाऊन रडणं. हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, भूक मेली असेल, किंवा 'आपण नसलो तर बरं' असा विचार एकदा जरी मनात येऊन गेला असेल, तर हा विषय सल्ल्याच्या सदराचा राहत नाही. आपल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला सांग, ते गरज पडली तर बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पाठवतील. तिथे जाण्यात लाज वाटण्याजोगं काही नाही, अर्धा गोवा या ना त्या कामाला बांबोळीला जातच असतो. आणि घरातून बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानस क्रमांक आहे. दिवसरात्र चालू, पैसे नाहीत, मराठीतही बोलतात.

आता मोबाईल. बातम्या बंद कर, असं मी सांगणार नाही. सांगितलं तरी तू करणार नाहीस, आणि करूही नयेस. पण तू चोडणची आहेस, खाजन शेताच्या बांधातली मानस, म्हणजे पाण्याचं फळ्यांचं दार, तुला सांगायला नको. भरती आली की नदीच्या पाण्याच्या रेट्यानेच फळ्या मिटतात, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलतं आणि फळ्या उघडतात. नदीशी वैर नाही, उलट त्याच मानशीला जाळं लावून सुंगटं, म्हणजे कोळंबी, धरतात. पण फळी कुजली आणि बदलायचं राहून गेलं, की दोन भरत्यांत कोरगुटाचं शेत हातचं जातं. तुझी मानस रात्री अकरा ते एक सताड उघडी आहे. तेव्हा बातम्यांची वेळ ठरव. सकाळी चहाबरोबर पेपर, संध्याकाळी पंधरा मिनिटं मोबाईल. जेवणं आटोपली की तो स्वयंपाकघरात चार्जिंगला. उशाशी नको. गजराला जुनं घड्याळ आण, डिचोलीच्या बाजारात अजून मिळतं.

दुसरं असं, की तू वीस विषय अर्धे अर्धे वाचतेस. त्यापेक्षा एकच विषय धर आणि मुळापासून वाच. मी असते तर म्हादई घेतली असती, कारण मुलीचा प्रश्न तोच आहे. १४ ऑगस्ट २०१८ रोजी पाणीतंटा लवादाने या नदीच्या पाणीवाटपाचा निवाडा दिला. त्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. तो तिन्ही राज्यांना पटला नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कर्नाटकाच्या वाट्यातलं पिण्यासाठीचं पाणी किती, नदीच्या खोऱ्याबाहेर जाणार ते कुठलं, कळसा नि भांडुरा हे ओढे नकाशावर नेमके कुठे आहेत, एवढं जरी तू वहीत मांडलंस तरी 'म्हादई मेली' असा मथळा दिसल्यावर तुला त्यातलं खरं किती नि फोडणी किती हे कळायला लागेल. भीती जाणार नाही. पण ती नेमक्या गोष्टीची राहील, आणि नेमक्या भीतीशी माणसाला काहीतरी करता येतं.

मुलीशी तू खोटं बोललीस का? घास भरवताना आई जे बोलते त्याला मी खोटं म्हणत नाही. पण तो प्रश्न ती पुन्हा विचारणार आहे, आणि पुढच्या वेळी तिला 'असेल गो' पुरणार नाही. तेव्हा सांग, की पावसाळ्यात नदी भरून वाहील, काळजी आहे ती उन्हाळ्यातल्या पाण्याची. ते पाणी वळवू नये म्हणून कोर्टात भांडण चालू आहे आणि निकाल काय लागेल ते मलाही माहीत नाही. सहावीतल्या पोरीला 'मला माहीत नाही' हे ऐकून धक्का बसत नाही. तिच्या प्रश्नात बऱ्याचदा दुसराच प्रश्न असतो, की मोठ्या माणसांचं याकडे लक्ष आहे ना? त्याला उत्तर तोंडाने देण्यापेक्षा तिला बरोबर घेऊन एखादं काम कर.

कुठलं काम? मला एक सुचतं. चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं टांगायची ती चौकट, तुमच्याकडे कोण बांधतं? हल्ली बहुतेक घरांत बाजारातून शंभर-दोनशे रुपयांचे वाटे आणतात. यंदा सामान बाजारातून आणू नका. चवथीच्या आधी दोन-तीन रविवार सासऱ्यांना, झेपेल तेवढं, पुढे घालून टेकडीच्या शिल्लक बाजूला जा. माट्टीची फळं, कांगलं, कवंडळ, घागऱ्या यांतलं कुठे काय मिळतं ते त्यांना ठाऊक असणार. तुला थोडं असेल, तुझ्या मुलीला बहुधा काहीच नसेल. तिच्या हातात एक वही दे. कुठलं फळ, कुठल्या झाडाचं की वेलीचं, टेकडीच्या कुठल्या अंगाला, तारीख. आजोबा म्हणतील 'पूर्वी इथे कवंडळाचे वेल ढिगाने होते', तेही लिहायचं, आणि आता एकही नाही हेही लिहायचं. कवंडळ पिकून लालभडक झालं की फोडून आतल्या बिया तिला बघू दे, हात काळपट होतील, धुताना कुरकुर करेल, होऊ दे. काही बिया वाळवून ठेवा आणि पुढल्या पावसात कुंपणाला टोचा.

हा चवथीपुरता खेळ म्हणून मी सांगत नाही. प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि गावात कुठली झाडं, वेली, पशुपक्षी आहेत त्याची लोक जैवविविधता नोंदवही तिने ठेवायची असते. कायदाच आहे तसा, २००२चा. तुमच्या पंचायतीची नोंदवही कुठल्या कपाटात आहे ते जाऊन विचार. मुलीच्या वहीतल्या नोंदी त्यात घालायला सांग. टेकडीवर काय होतं हे कागदावर असलेलं बरं, कारण एकदा सपाट झाली की 'तिथे नुसतं रान होतं' असं सांगणारे पुष्कळ निघतात.

तुझा मोठा प्रश्न अजून शिल्लक आहे, आशा म्हणजे फसवणूक का? 'सगळं ठीक होणार' असं भाकीत करणं म्हणजे आशा असेल, तर हो, पुष्कळदा फसवणूकच. पण आपल्याकडचा अलीकडचा इतिहास बघितला तर 'काही होणार नाही' हे भाकीतही तितक्याच वेळा फसलंय. २०२० साली टाळेबंदीत मोलेच्या जंगलातून जाणारे तीन प्रकल्प पुढे आले, रेल्वेचं दुपदरीकरण, रुंद महामार्ग नि वीजवाहिनी. तेव्हा बाहेर पडायचीच चोरी. पोरांनी चित्रं काढली, पत्रं लिहिली, शास्त्रज्ञांनी अहवाल वाचून त्यातल्या चुका दाखवल्या. १ नोव्हेंबरच्या रात्री चांदरला हजारो माणसं रुळांपाशी उभी राहिली. 'चित्रं काढून रेल्वे थांबते काय' असं म्हणणारे शहाणे तेव्हा माझ्याही ओळखीत होते. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. वाद मिटला असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्री चांदरला उभं राहिलेल्यांपैकी कोणालाही हे दिसत नव्हतं, एवढं नक्की.

आणि हरलेल्यांचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर मीही सूर्योदयवालीच ठरेन. सांगे तालुक्यातलं कुर्डी, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, साळावलीच्या धरणात गेलं. घरं, कुळागरं, शेतं, सगळं पाण्याखाली. लोकांना वालकिणी, वाडें अशा वसाहतींत हलवलं. दक्षिण गोव्याच्या नळाला येणारं पाणी त्या गावाच्या जागेवर साठतं, हे तिकडच्या किती लोकांना माहीत असेल? दर वर्षी मे महिन्यात पाणी उतरतं, जोती उघडी पडतात, आणि जुने कुर्डीकर तिथे जमतात, सोमेश्वराचा उत्सव करतात. आपलं घर कुठे होतं ते नातवंडांना पायाने दाखवतात. गाव परत मिळणार नाही हे त्यांच्याइतकं कोणाला कळतं? तरी ते जातात. याला आशा म्हणायचं की नाही, मला ठरवता येत नाही. निराश माणसं असं दर वर्षी जेवणाचे डबे बांधून जात नाहीत, एवढं दिसतं.

१९६७च्या जनमत कौलाचंही उदाहरण देण्याचा मोह होतो. ज्यांना गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण हवं होतं ते हरले, आणि त्यातल्या कित्येकांना वाटलं की गोव्यातली मराठी आता आटोपली. इतक्या वर्षांनी तू मला मराठीत पत्र लिहितेस, मी मराठी सदरात उत्तर देते, आणि तुमच्या वाड्यावर काल्याला मराठी नाटक होतं. कोण बरोबर होतं हा वाद इथे नको, तुझ्याच घरात दोन पक्ष निघतील.

भावाचं थोडक्यात. तो गेला म्हणजे त्याने हात टेकले असं नाही आणि तू राहिलीस म्हणून तू मोठी शूर असंही नाही. पोराबाळांचं बघून माणसं जातात. गोवेकर आधी मुंबईला गेले, आफ्रिकेला गेले, आखातात गेले, बोटीवर गेले. त्याच्या 'काय धरून बसलात'ला उत्तर द्यायला जाऊ नकोस, तिथे थंडी किती नि डाळ कुठली मिळते ते विचार. तोही बहुधा एकटा पडलाय.

आता ज्यावर तू सगळ्यात कमी लिहिलंस त्यावर येते. चार पानांत यजमानांच्या वाट्याला आलेलं इन मीन दोन-तीन वाक्यांचं बोलणं. ट्रक विकले, शिफ्टला जातात, संपलं. बाये, ते ट्रक काय वाहत होते? डोंगरच ना? तुमच्या चुलीवरचा भात कित्येक वर्षं कापलेल्या डोंगरावर शिजला, आणि आज घरामागची टेकडी कापताना बघून तुला रडू येतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, डिचोली-सत्तरीतल्या निम्म्या घरांची हीच गोष्ट आहे. पण मला वाटतं, तुझ्या निराशेत हे न बोललेलं बरंच मिसळलंय. कोणावर रागवायचं तेच कळेनासं होतं. बिल्डरवर रागवावं तर त्या जेसीबीवरचा पोरगा कालपर्यंत यजमानांबरोबर खाणीवर असायचा. सरकारवर रागवावं तर खाणी बंद पडल्या तेव्हा चालू करा म्हणून मोर्चाला आपणच गेलो होतो.

ट्रक विकल्यापासून त्यांच्या मनात काय चाललंय, ते तू विचारलंयस का? 'कसं वाटतं' असं विचारू नकोस, आपल्याकडचे पुरुष त्याला 'ठीक' एवढंच उत्तर देतात. टेकडीकडे बोट दाखवून विचार, की हे रोज किती ट्रिपा काढतात? माती कुठे जाते? वरचा कडा पावसात टिकेल का? या प्रश्नांची उत्तरं तुमच्या वाड्यावर त्यांच्याइतकी नेमकी कोणाला देता येणार नाहीत. ज्या कामाची आता त्यांना आठवणही नको वाटत असेल, त्याच कामातलं त्यांचं ज्ञान इथे लागणार आहे.

कारण टेकडी कापायला परवानगी लागते. नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-अ प्रमाणे डोंगराळ जमीन कापणं आणि सखल जमीन भरणं परवानगीवाचून करता येत नाही. तुमच्या मागच्या माणसाकडे परवानगी असेलही. असेल तर किती क्षेत्राची आणि काय अटींवर, ते बघता येतं. नसेल तर तक्रार करता येते. आधी त्या जमिनीचा सर्व्हे नंबर काढ, वन-फोर्टीनचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा ऑनलाइन बघायला मिळतो. तारीख दिसेल असे फोटो काढ. यजमानांनी सांगितलेल्या ट्रिपांचा अंदाज आणि कड्याची उंची लिही. अर्जावर एकटीची सही नको, शेजारच्या चार घरांच्या घे. भजनी मंडळात त्या बायका भेटतीलच. पंचायतीला एक अर्ज, नगर नियोजन खात्याला एक. ग्रामसभा बहुधा रविवारी असते, तिथे विषय मांड, आणि मुलीला बरोबर ने. तिथे आरडाओरडा होईल, कोणी तरी म्हणेल 'इतकी वर्षं डोंगर वाहिले ते कोणी', तेही तिला ऐकू दे. घरी आल्यावर ती विचारेल, तेव्हा सांग.

टेकडी वाचेल असं वचन मी देत नाही. अर्धी गेलीच आहे. पण उरलेल्या अर्ध्याखाली तुमची घरं आहेत आणि पावसाळा यायचाय, एवढ्यासाठी तरी कड्याचं काय ते विचारायलाच हवं. अर्ज दोन प्रतींत ने. 'ठेवून जा, साहेब बघतील' असं सांगतील. आपल्या प्रतीवर तारखेसकट आवक शिक्का पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.